मागीलदारी लाकडी डेक: कोकणच्या पावसात टिकेल असा आराखडा

मागीलदारी डेक करायचं ठरलं की बोलणं लगेच लाकडावर येतं. साग घ्यावा की ऐन, नवं घ्यावं की मोडलेल्या घराचं? लाकडाचं पुढे येईलच, पण त्याआधी पाण्याचा हिशोब मांडायला हवा. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. एवढ्या पावसात उघड्यावरचं लाकूड भिजणारच. ते कुजतं ते उघडीप मिळूनही सुकता येत नाही म्हणून. लाकडात वीसेक टक्क्यांहून जास्त ओल महिनोन्‌महिने राहिली की बुरशीला आत शिरायला वाट मिळते. फळी वाशाला टेकते ती जागा, वासा तुळईवर बसतो ती जागा, स्क्रूच्या डोक्याभोवतीचा खळगा आणि फळीचं कापलेलं टोक, ओल इथे अडकते आणि कूज इथूनच सुरू होते. मोकळ्या हवेत असलेली फळी मधोमध कुजलेली क्वचितच दिसते. खाली दिलेली बहुतेक मापं यासाठीच आहेत की पाणी कुठे थांबू नये आणि खालून वारा खेळता राहावा.

उदाहरणाला १२ फूट लांब आणि १० फूट रुंद डेक धरला आहे. १२ फुटांची बाजू घराच्या भिंतीला समांतर. चार खुर्च्या, एक टेबल आणि मागून माणूस जाईल एवढी वाट यात बसते. याहून लहान केला तर खुर्ची मागे सरकवायलाही जागा उरत नाही, म्हणून १० बाय ८च्या खाली जाऊ नये.

जागा ठरवताना

पहिली खूण पागोळ्यांची. मागच्या पाख्याचं पाणी जिथे पडतं तिथे मातीत खळग्यांची सरळ रेघ उमटलेली असते. भर उन्हाळ्यातही ती ओळखू येते, कारण तिथली माती धुऊन खाली नुसते खडे उरलेले असतात. १२ फूट लांब आणि आडव्या मापाने १२ फूट रुंद पाख्यावर एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस झाला, तर साधारण १,३०० लिटर पाणी त्या एका रेघेवर उतरतं. ही रेघ डेकच्या मधून जात असेल तर त्या ओळीतल्या दोन-तीन फळ्या पहिल्या काही पावसाळ्यांतच खराब होतात आणि उडालेली माती भिंतीवर बसते ती वेगळीच. यावर उपाय दोन. एक तर पाख्याला पन्हळ लावून पाणी एका टोकाला न्या, नाहीतर डेक भिंतीपासून लांब, रेघेच्या पलीकडे करा आणि मध्ये दोन फुटांची खडीची पट्टी सोडा. पन्हळ लावलीत तर ती मे महिन्यात पानं काढून साफ करावी लागते, हे धरूनच चाला.

दुसरी गोष्ट माड. वाळलेली झाप आणि नारळ दोन्ही खाली येतात, आणि नारळाखाली माणूस सापडला तर ती दुखापत साधी नसते. माडाच्या बुंध्यापासून निदान दहा फूट सोडा. बुंधा कलता असेल तर मोजणी बुंध्यापासून न करता शेंड्याच्या बरोबर खालच्या जागेपासून करा. सगळीकडून माड असलेल्या वाडीत अशी जागाच सापडत नसेल तर बसायची जागा पडवीतच बरी.

मग जमिनीखाली काय आहे ते बघा. शौचालयाची टाकी आणि शोषखड्डा डेकखाली गाडू नका. उपसायची वेळ आली की फळ्या उखडाव्या लागतात. पाण्याचा पाइप खालून जात असेल तर त्याची वाट कागदावर काढून ठेवा. धुण्याचा दगड डेकच्या चढाच्या बाजूला असेल तर साबणाचं पाणी रोज खालून वाहत राहील, म्हणून ते आधी पाटाने बाजूला वळवा.

समुद्राच्या भरतीरेषेपासून ५०० मीटरच्या आत घर असेल तर सीआरझेडचे, म्हणजे किनारपट्टी नियमनाचे, नियम लागू होऊ शकतात. खड्डे खणण्याआधी ग्रामपंचायतीत विचारून घ्या.

एक स्पष्ट मत इथेच नोंदवतो. घराचं जोतं दीड फुटाहून कमी असेल तर लाकडी डेकच्या नादी लागू नये. खाली हवा खेळायला जागाच उरत नाही. अशा ठिकाणी जांभ्याचा ओटा बांधून वर शहाबादी फरशी टाकलेली चांगली. डेकचा खरा उपयोग उताराच्या परसात, मुळं पसरलेल्या जागेत, किंवा जिथे पाणी जमिनीत मुरू द्यायचं आहे तिथे.

उंची वरून खाली मोजा

बहुतेक चुका इथे होतात, कारण आधी खांब उभे केले जातात आणि मग डेक दाराच्या किती खाली येतो ते पाहिलं जातं. मोजणी उंबरठ्यापासून सुरू करा. डेकचा पृष्ठभाग उंबरठ्याच्या निदान ४ इंच खाली हवा. नैऋत्येचा वारा सुटला की फळीवर आपटलेलं पाणी सहज दोन-तीन इंच उडतं आणि दाराखालून घरात येतं. तिथून खाली फळी सव्वा इंच, वासा ४ इंच, तुळई ५ इंच, आणि तुळई खांबावर टेकू नये म्हणून एक इंचाची फट. जोतं ३० इंचांचं असेल तर ३० मधून ४, सव्वा, ४, ५ आणि १ वजा केले की खांबाचा माथा जमिनीपासून पावणेपंधरा इंचांवर येतो. हे माप बारा इंचांपेक्षा कमी येत असेल तर तुळई वगळून वासे थेट खांबांवर घ्या आणि खांबांची संख्या वाढवा.

डेक घराच्या भिंतीला ठोकू नये. परदेशी आराखड्यांत भिंतीला एक लाकडी पट्टा बोल्टने कसून त्यावर वासे टेकवलेले दिसतात. जांभ्याचा चिरा सच्छिद्र असतो, त्यात विस्तारी बोल्टची पकड भरवशाची नसते आणि प्रत्येक भोकातून पाणी भिंतीत शिरतं. डेक स्वतःच्या खांबांवर उभा राहू द्या आणि भिंतीपासून दोन इंच मोकळे सोडा. त्या फटीत साठलेली पानं खराट्याने काढता येतात.

पाया

जमीन घरापासून बाहेरच्या बाजूला उतरती करून घ्या. दर चार फुटांना एक इंच उतार पुरतो. वरची चारेक इंच माती मुळांसकट काढा. आखणीसाठी खुंट्या ठोकून दोरी बांधा आणि कोपरा ६-८-१० फुटांच्या मापाने काटकोनात आणा. शेवटी दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही १५ फूट साडेसात इंच आले तर चौकोन बरोबर आहे. दोरी अर्धा इंच जरी चुकली तरी फळ्या लावताना शेवटची फळी पाचरीसारखी कापावी लागते.

तुळया तीन: एक भिंतीकडच्या कडेपासून ९ इंच आत, एक समोरच्या कडेपासून ९ इंच आत आणि एक बरोबर मध्ये. दोन तुळयांमधलं अंतर सव्वाचार फूट येतं. प्रत्येक तुळईखाली चार खांब, टोकांपासून सहा इंच आत. म्हणजे खांबांमध्ये ३ फूट ८ इंच. एकूण खांब बारा.

तांबड्या मातीत खड्डा १५ बाय १५ इंच आणि २२ इंच खोल घ्या. तळाला ४ इंच साधं काँक्रीट, त्यावर ९ बाय ९ इंचांचा खांब, आत ८ मिलिमीटरच्या चार सळया. पुळणीत, म्हणजे गुहागर किंवा दिवेआगरसारख्या वाळूच्या वाडीत, खड्डा अडीच फूट खोल आणि तळ दीड फूट चौरस करा, नाहीतर दोन पावसाळ्यांत एखादा खांब खचतो आणि डेक झोके खातो. खाली सलग कातळ लागला तर खणायची गरज नाही. कातळ घासून स्वच्छ करायचा, भोक पाडून सळई रासायनिक गोंदाने बसवायची आणि तिच्याभोवती खांब ओतायचा.

सिमेंट, वाळू आणि खडी यांचं मिश्रण १ : १½ : ३ ठेवा. तांबड्या मातीतल्या बारा खांबांना आणि तळाच्या काँक्रीटला मिळून सहा पोती सिमेंट, बारा घनफूट वाळू आणि पंचवीस घनफूट खडी पुरते. समुद्राची वाळू वापरायची नाही. तिच्यातलं मीठ आतल्या सळईला गंज चढवतं, सळई फुगते आणि खांब उभा तडकतो. त्याच कारणाने सळईभोवती चारही बाजूंनी दोन इंच काँक्रीट हवं. ओतलेल्या खांबांवर गोणपाट गुंडाळून निदान आठ दिवस पाणी मारा.

खांबांचे माथे एका पातळीत आणायला पाण्याने भरलेली लेव्हल पाइप सगळ्यात खात्रीची. पाइपमध्ये हवेचा बुडबुडा राहिला की माप चुकतं, म्हणून वापरण्याआधी दोन्ही टोकं शेजारी धरून पाणी सारखं दिसतं का ते बघा.

तळखडा आणि वाळवी

जुन्या घरांचे लाकडी खांब काळ्या दगडाच्या तळखड्यावर उभे असतात, लाकूड जमिनीला कुठेच लागत नाही. डेकला तोच नियम. खांब ओततानाच त्याच्या माथ्यात १२ मिलिमीटरची आट्यांची सळई आठ इंच आत रोवा. तिच्यावर फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घेतलेली यू आकाराची जाड पट्टी नटाने बसवा, अशी की पट्टीचा तळ काँक्रीटपासून एक इंच वर राहील. तुळई या यूमध्ये बसते आणि आडव्या बोल्टने कसली जाते. यूच्या तळाला १० मिलिमीटरचं भोक पाडायला विसरू नका. भोक नसेल तर तो पाणी धरणारा पन्हाळाच होतो आणि तुळईचा तळ त्यात भिजत पडतो. पट्टी आधी पूर्ण तयार करून, भोकं पाडून, मगच गॅल्व्हनाइज करायला द्या. नंतर पाडलेल्या भोकाच्या कडेतून गंज सुरू होतो.

यू आणि काँक्रीट यांच्यामध्ये पत्र्याची टोपी घाला. खांबाच्या चारही बाजूंनी दोन इंच बाहेर येणारी आणि कडा खाली वळवलेली. वाळवी खांबावरून मातीची नळी बांधत वर येते. टोपीच्या कडेला तिला वळसा घालून उघड्यावर यावं लागतं आणि ती नळी डोळ्याला दिसते. टोपीने वाळवी मरत नाही, फक्त लपून वर चढू शकत नाही. म्हणून महिन्यातून एकदा वाकून बघायला हवं. नळी दिसली तर मोडा आणि ती जमिनीत कुठून निघते ते शोधा. विहीर जवळ असेल तर मातीत वाळवीचं औषध ओतू नका. कोकणातल्या मागीलदारी विहीर बहुधा असतेच, तेव्हा टोपी आणि नजर यांवरच भिस्त ठेवा.

लाकूड

सागाचा गाभा सगळ्यात निर्धास्त. पावसाळ्यात तो फार फुगत नाही आणि उन्हात फार आकसत नाही. पण सागातही सालीकडचं पिवळट पांढरं लाकूड कुजतंच, मग ते कितीही महाग घेतलेलं असो. वखारीत फळीच्या दोन्ही कडा बघा आणि पांढरी पट्टी असलेल्या फळ्या बाजूला काढायला सांगा. ऐन आणि किंजळ ही कोकणातल्या घरांची नेहमीची लाकडं. वासे आणि तुळयांना उत्तम, सागापेक्षा स्वस्त. ऐन भराभर सुकवला तर फाटतो, म्हणून सावलीत सुकवा. फणसाचा गाभाही चालतो. आंबा, सिल्व्हर ओक, रबर यांच्या फळ्या स्वस्त मिळतात, पण उघड्यावर एक-दोन पावसाळ्यांच्या पलीकडे जात नाहीत. माडाच्या खोडाचा बाहेरचा काळपट भागच कणखर असतो, आतला मऊ भाग स्पंजासारखं पाणी पितो.

मोडलेल्या घराचं जुनं लाकूड मिळत असेल तर ते पहिल्यांदा बघा. पन्नास-साठ वर्षं सुकलेला किंजळाचा वासा नव्या लाकडापेक्षा सरळ राहतो. घेताना भिंतीत पुरलेली टोकं सहा-आठ इंच कापून टाका, ओल आणि वाळवी तिथेच असते. हातोडीने ठोकत जा. भरीव आवाज एकदम पोकळ झाला की तिथे आत खाल्लेलं आहे. रंधा किंवा करवत लावण्याआधी चुंबक फिरवून खिळे काढा. लाकूड कुठूनही घेतलं तरी बिल आणि वाहतुकीचा पास मागून घ्या.

प्लास्टिक आणि भुशाच्या मिश्र फळ्या, ज्यांना बाजारात डब्ल्यूपीसी म्हणतात, त्यांना तेल लागत नाही. मात्र त्या मेच्या उन्हात अनवाणी पायाला भाजतात, उन्हाने लांबीत वाढतात आणि भार धरायला त्यांना वासे बारा इंचांवर लागतात. पोकळ फळीच्या टोकांना टोपण नसेल तर आत पाणी आणि मुंग्या. खालचा सांगाडा तरीही लाकडाचा किंवा लोखंडाचाच करावा लागतो.

या मापाच्या डेकला लाकूड असं लागतं:

फळ्या ४ इंच रुंद, सव्वा इंच जाड: १२ फुटांच्या २८ ओळी, तुटफूट धरून ३२, सुमारे साडेतेरा घनफूट.
वासे ४ बाय २ इंच: १० फुटांचे १२, पावणेसात घनफूट.
तुळया ५ बाय ३ इंच: १२ फुटांच्या ३, पावणेचार घनफूट.

पायरी आणि कडेच्या पट्ट्या मिळून एकूण २६ घनफूट सांगा. ही मापं रंधा मारल्यानंतरची आहेत. कापताना जाडीत आणि रुंदीत पाव इंच जास्त ठेवायला सांगितलं नाही तर हातात येणारी फळी जेमतेम एक इंचाची असते. सहा इंची रुंद फळी दिसायला छान, पण ती भिजून-सुकून पन्हळीसारखी वाकते आणि मधे पाणी धरते. चार इंच बरी.

सांगाडा

वासे दर १६ इंचांना. १२ फुटांत दहा जागा होतात, पण चौथ्या आणि सातव्या जागी, म्हणजे ४ आणि ८ फुटांवर, जोडवासा घ्या. कारण असं की १२ फुटांची सरळ फळी सहसा मिळत नाही. ८ आणि ४ फुटांचे तुकडे जोडावे लागतात. एका ओळीत ८ फुटी तुकडा डावीकडे, पुढच्या ओळीत उजवीकडे, असं केलं की जोड आलटून पालटून या दोन जागी येतात आणि प्रत्येक टोकाला स्वतःचा वासा मिळतो. जोडवाशांच्या मध्ये दर दोन फुटांना १० मिलिमीटर जाडीचे ठोकळे घालून फट ठेवा. दोन वासे एकमेकांना चिकटवून ठोकले तर मधली ओल कधीच सुकत नाही. बरेच डेक सगळ्यात आधी इथेच जातात.

वासा तुळईवर बसवताना सुतार सवयीने खाच पाडायला जाईल. घराच्या छपरात ते योग्य, कारण तिथे पाऊस लागत नाही. इथे खाच नको. वासा तुळईवर सपाट ठेवून दोन्ही बाजूंनी एल आकाराच्या कोनपट्टीने स्क्रूवर कसा. मधल्या तुळईवर दोन वाशांच्या मध्ये आडवे ठोकळे द्या म्हणजे वासे पिळत नाहीत.

वाशाच्या माथ्यावर फळी टेकणार, म्हणजे पाणी थांबणार. तिथे ब्यूटाइलची चिकटपट्टी लावा. ती न मिळाली तर टारफेल्टच्या पट्ट्या वाशापेक्षा दोन्ही बाजूंनी अर्धा इंच रुंद कापून कडा खाली झुकवा.

झोपाळा हवा असेल तर त्याचे खांब डेकच्या लाकडावर उभे करू नका. झोक्याबरोबर बाजूचा धक्का बसतो आणि सगळे सांधे ढिले होतात. झोपाळ्याला जमिनीतून वेगळा पाया द्या आणि फळ्या त्याच्या खांबांभोवती पाऊण इंच सोडून कापा. डेकची उंची दोन फुटांच्या वर गेली तर उघड्या बाजूंना तीन फुटी कठडा करा. घरात लहान मूल असेल तर गजांमधलं अंतर चार इंचांच्या आत हवं.

फळ्या आणि स्क्रू

समुद्रापासून दोन-चार किलोमीटरांत राहत असाल तर स्क्रू ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचेच घ्या. ३०४ प्रतीवर खाऱ्या वाऱ्याने तपकिरी डाग येतात, आणि साधे चमकदार जस्ती स्क्रू तर एक-दोन पावसाळ्यांत गंजतात. गंजलेल्या स्क्रूभोवती सागावर आणि ऐनावर काळा डाग पसरतो, कारण लाकडातला तुरट अंश लोखंडाशी मिळून शाईसारखा काळा होतो. हा डाग वरवर रंधा मारून जात नाही. लांबी अडीच ते तीन इंच, प्रत्येक वाशावर दोन, कडेपासून पाऊण इंच आत. एकूण सव्वासहाशेच्या आसपास लागतात; सातशे आणा.

ऐन आणि किंजळ इतके टणक की भोक न पाडता स्क्रू घातला तर डोकं तुटून हातात येतं. ५ मिलिमीटरच्या स्क्रूला साडेतीन-चार मिलिमीटरचं भोक आधी पाडा. डोकं फळीच्या बरोबरीत थांबवा. खोल रुतवलं की वर वाटीसारखा खळगा होतो आणि त्यात पाणी साठतं.

दोन फळ्यांमधली फट ठरवायला सळईचे तुकडे सगळ्यात सोयीचे. एप्रिल-मेमध्ये पूर्ण सुकलेल्या ऐनाच्या फळ्या लावत असाल तर ८ मिलिमीटरची सळई मध्ये धरा, सागाला ६ची पुरे. पावसात फळी फुगून ही फट कमी होणारच. कापून महिनाही न झालेलं ओलं लाकूड असेल तर गणित उलटं: ते सुकून आकसणार, म्हणून ३ मिलिमीटर ठेवा. खरं तर ओलं लाकूड लावूच नये. जानेवारीत कापून आणा, सावलीत खाली दगड आणि प्रत्येक थरात रिपा घालून रचा आणि दोन-अडीच महिने तसंच राहू द्या. दर पाच ओळींनंतर भिंतीपासूनचं अंतर दोन्ही टोकांना मोजून बघा.

टोकांकडे सगळ्यात जास्त लक्ष द्या. लाकूड पाणी पितं ते उभ्या नळ्यांतून, आणि कापलेल्या टोकाला त्या सगळ्या नळ्या उघड्या असतात. प्रत्येक तुकडा कापला की बसवण्याआधी त्याच्या टोकाला तेलाचे तीन हात द्या. बसवल्यावर तिथे ब्रश पोचत नाही.

तेल

वॉर्निश किंवा पॉलिशचा चकचकीत थर डेकवर लावू नये. उन्हाने त्याला बारीक चिरा पडतात, पाणी आत शिरतं आणि तो थरच ते बाहेर पडू देत नाही. शिवाय ओला झाला की तो निसरडा. आत मुरणारं, बुरशीनाशक मिसळलेलं बाहेरच्या वापराचं तेल घ्या. नुसतं जवसाचं तेल कोकणच्या दमट हवेत काळ्या बुरशीला खाद्यच होतं. बोरॅक्सचं पाणी पावसात धुऊन जातं, त्यावर भरवसा ठेवू नका. फळ्या चारही बाजूंनी, वासे आणि तुळया धरून दोन हातांना आठ-नऊ लिटर लागतं.

तुळया आणि वाशांना काजूच्या टरफलांचं तेल लावता येतं. होड्यांना ते लावायची रीत जुनीच आहे. ते लाकूड काळपट करतं आणि कातडीला लागलं तर फोड येतात. रबरी हातमोजे घाला आणि पाय टेकतो त्या फळ्यांच्या वरच्या अंगाला ते लावू नका. कोणत्याही तेलाने भिजलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकायची नाहीत. सुकताना ती स्वतःच तापून पेट घेऊ शकतात. दोरीवर पसरून सुकवा, मग टाका.

डेकच्या खाली

खाली प्लास्टिकचा कागद अंथरू नका, पाणी साठून डास होतात. चार इंच खडी पसरा. १२० चौरस फुटांना ४० घनफूट, म्हणजे ०.४ ब्रास. डेकखालची सावली फुरशाला आणि घोणशीला आवडते, आणि त्यांच्याआधी तिथे उंदीर येतात. म्हणून नारळाची सोडणं, झापा, जळाऊ लाकूड खाली सरकवून ठेवायची सवय लावून घेऊ नका. दोन बाजू पूर्ण उघड्या ठेवा, म्हणजे वारा जातो आणि विजेरी मारली की पलीकडचं दिसतं. बाजू बंदच करायच्या असतील तर ६ मिलिमीटरची बारीक जाळी जमिनीत सहा इंच पुरून लावा आणि दोन फळ्यांचा एक भाग उचलता येईल असा ठेवा. रात्री पायरीजवळ दिवा हवाच.

कामाचं वेळापत्रक आणि पहिला पावसाळा

खांब फेब्रुवारीत उरका. शिमग्यात गवंडी-सुतार मिळत नाहीत, तेवढे दिवस काँक्रीटला मुरायला मिळतात. सांगाडा मार्चअखेर, फळ्या एप्रिलमध्ये, तेलाचा दुसरा हात १० मेच्या आत. मेच्या मध्यानंतर सुट्या फळ्या, पत्रे, अर्धवट ठोकलेलं काही बाहेर ठेवू नका. तौक्ते वादळ २०२१च्या मेच्या मध्यावर कोकणाला घासून गेलं, तर निसर्ग ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आलं. दोन्ही पावसाळा नीट सुरू होण्याआधीच. वारा डेकच्या खालून शिरून वर उचलतो, म्हणून यूचे आडवे बोल्ट मेमध्ये पुन्हा एकदा कसा.

उन्हाळ्यात वाळवणं घालायला डेक फार सोयीचा, पण रातांब्याची सालं थेट फळ्यांवर पसरू नका. तो लाल डाग लाकडात मुरतो. खाली ताडपत्री घाला. कुंड्या थेट फळीवर ठेवल्या तर खाली काळं वर्तुळ उमटतं आणि तिथेच फळी नरम पडते. त्यांना एक इंच उंचीचे पाय द्या.

जुलैत शेवाळ येणारच. आठवड्यातून एकदा उघडीप बघून माडाच्या हिरांच्या खराट्याने फळ्यांच्या दिशेने घासा आणि फटींत अडकलेली पानं करवतीच्या जुन्या पात्याने ओढून काढा. प्रेशरचं पाणी मारू नका, मऊ तंतू उखडतात आणि पृष्ठभाग खडबडीत होऊन अधिक शेवाळ धरतो. पायरीच्या कडेला खरखरीत पट्टी मात्र जूनआधीच लावा.

दसऱ्यानंतर दोन-तीन आठवडे डेक सुकू द्या, मग स्क्रू ड्रायव्हरचं टोक घेऊन प्रत्येक फळीच्या दोन्ही टोकांना आणि जोडवाशांच्या माथ्यावर दाबून बघा. चांगलं लाकूड टोक परतवतं. ते पाव इंच आत गेलं तर ती फळी उलटी करून वापरता येते का बघा, नाहीतर बदला. यासाठीच जादा आणलेल्या चार ओळींच्या फळ्या तेल लावून माळ्यावर ठेवायच्या असतात. त्याच लाकडाची, त्याच रुंदीची फळी तीन वर्षांनी वखारीत मिळत नाही.